खालून आलेलं उत्तर

वर चढलेल्यानं फांदी कापण्याआधी हाक द्यायची, "खाली?" खालच्यानं चारी बाजूंना नजर फिरवून उत्तर द्यायचं, "मोकळं." ते उत्तर कानावर पडल्याशिवाय इंजिनाची करवत सुरू करायची नाही. लग्न झालं तेव्हा नवऱ्यानं तिला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी हे शिकवलं होतं. दुसरं शिकवलं ते दोराचं. दोराबद्दल शंका आली की खात्री करत बसायचं नाही. त्याच दिवशी त्याचे वीतवीतभर तुकडे करून टाकायचे, म्हणजे पुन्हा कुणी चुकून त्यावर चढायला नको. तेव्हापासून तो वर आणि ती खाली दोर धरून, असाच त्यांचा संसार चालला होता. नवऱ्याला दोरीला बांधून ठेवणारी बायको बघायची असेल तर इथं या, असं लोक थट्टेनं म्हणायचे.

मागल्या आठवड्यात दवाखान्यामागचं वाळलेलं झाड उतरवताना एक म्हातारे गृहस्थ रस्ता अडवणारी पट्टी उचलून सरळ आत शिरले. बरोबर कुत्रं. नेमकी तेव्हाच वरून हाक आली, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांबा." पण करवत सुरू झालीच. मांडीएवढी फांदी गृहस्थांच्या पुढ्यात आदळली. कुत्रं वाचलं, तेही वाचले. पण कुत्र्याचा पट्टा घट्ट धरलेला त्यांचा हात डोळे मिटले तरी तिच्या समोरून हलेना.

"ओरडली का नाहीस?" नवऱ्यानं खाली उतरून विचारलं.

"ओरडले की हो."

"घशातून बोलतेस तू. घशातला आवाज पानांत अडकतो. पोटातून बोल."

तिला ते पटलं. तिचा आवाज मुळातच हळू; शाळेत हजेरी देतानाही दोनदा सांगावं लागायचं. आपल्या या मिळमिळीत आवाजापायी एका माणसाचा जीव जात होता, या विचारानं तिला घास गोड लागेना. न्हाणीघरात नळ सोडून ती रोज पोटातून "मोकळं, मोकळं" म्हणू लागली.

"वहिनी, आत अडकलात का?" धाकट्या दिरानं बाहेरून विचारलं. छाटलेल्या फांद्या ओढून यंत्रात चिरडायचं काम त्याचं. "सांगा, दार तोडतो. दादापेक्षा स्वस्तात."

एका सकाळी गॅसवर किटली शिट्टी वाजवत राहिली. ती मागच्या अंगणात होती. धावत आली तर नवरा किटलीपासून हातभरावर बसून करवतीच्या साखळीचे दात घासत होता. पाणी आटून तळ काळा पडला होता.

"चहाचं काय झालं?" त्यानं मान वर करून विचारलं.

तिनं गॅस बंद केला. झाडावर चढताना त्यानं कधी कान झाकले नव्हते. दीर यंत्रापाशी कानपट्ट्या लावून उभा राहायचा, हा मात्र म्हणायचा, कान झाकले तर लाकूड काय म्हणतंय ते कळणार कसं? फांदी निसटण्याआधी बारीक कुरकुरते; ती कुरकुर ऐकूनच तो कितीदा जिवंत उतरला होता. ते ऐकण्यासाठी उघडे ठेवलेले कान करवतीनं हळूहळू खाऊन टाकले होते.

तरी तिला खात्री करायची होती. पुढचं काम एका गोदामाच्या आवारात होतं. फाटकाला कुलूप, आत परकं कुणी नाही. तिनं दिराला भिंतीपाशी उभं केलं, दोनदा सगळीकडं बघितलं.

"खाली?"

तिनं तोंड मिटून घेतलं. मनात देवाचं नाव घेतलं, तेही ओठ न हलवता. उत्तराला लागला असता तेवढाच वेळ वर शांतता होती. मग करवत सुरू झाली.

चहाच्या वेळी तिनं विचारलं, "आज माझा आवाज पोचला का?"

"स्वच्छ. पोटातून बोललीस ना, बघ कसा येतो."

"मी बोललेच नव्हते."

"मग काय झाड बोललं?" तो हसला. दीरही हसला. मग दिरानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि कप घेऊन तो यंत्रापाशी जाऊन बसला.

परतताना गाडीत ती नवऱ्याकडं तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "डॉक्टरांना एकदा कान दाखवू या."

त्यानं तिच्या ओठांवरची नजर रस्त्याकडं वळवली. "काय सांगतील ते मला माहीत आहे."

"मग?" तिनं त्याच्या नजरेसमोर हात नाचवून विचारलं.

"मग काय? खाली राहून पाला गोळा करू? धाकट्याचे पाय शिडीवर लटपटतात. मला दुसरं येतं काय?" त्यानं गिअर बदलला. "आणि खाली तू आहेस ना. बाकी काही नाही आलं तरी तुझं उत्तर येतं मला."

उद्या शाळेच्या फाटकावरच्या फांद्या होत्या.

घरी पोचल्यावर तो हातपाय धुवायला गेला. तिनं गाडीतून चढायचा दोर काढला. एकच होता, याच वर्षी घेतलेला. मागच्या पायरीवर बसून तिनं त्यावर सुरी चालवली. धड दोर सहजी कापला जात नाही. तिच्या तळहाताला फोड आला, तरी ती वीतवीतभर मोजून कापत राहिली. दुकानातून नवा दोर यायला चार-सहा दिवस लागतील, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर काय, हे ठाऊक नव्हतं.

तो तोंड पुसत बाहेर आला आणि तुकडे बघून थबकला. चिडला नाही. शंका आली असेल तर कापायचाच, हा नियम त्याचाच होता. तिच्याकडं पाठ करून तो उकिडवा बसला आणि एकेक तुकडा उचलून बोटांच्या चिमटीत दाबत, वाकवत पुढं सरकू लागला. आतून तुटलेला दोर बोटांना मऊ लागतो.

"खोट कुठं होती?"

"दोरात नव्हती," ती म्हणाली.

पोटातून म्हणाली, त्यानं शिकवलं होतं तसं. कुंपणावरची कबुतरं फडफडत उडाली. यंत्र धूत असलेल्या दिरानं वळून बघितलं.

नवऱ्यानं पुढचा तुकडा उचलला.

"सांग की," तो दोर दाबत म्हणाला, "कुठं होती?"