चार कोरे रकाने

सकाळची भरती सहा चाळीसला होती. वीस मिनिटं आधीच वडील धक्क्याच्या पायऱ्या उतरले आणि पाण्यात उभ्या असलेल्या मापपट्टीवरचं शेवाळ त्यांनी फडक्याने पुसलं. ठरल्या वेळी लागोपाठ दहा लाटा पाहिल्या, त्यांचा मध्य मनाशी धरला आणि वहीत आकडा लिहिला. बंदराचे निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं त्यांचा दिवस असाच सुरू होत होता.

लेक वरच्या पायरीवर थांबली होती. ती शहरातल्याच राष्ट्रीय हवामान कक्षात अधिकारी होती.

"बाबा, सोळा वर्षांपूर्वीचे चार दिवस कोरे आहेत."

"कोण म्हणतं?"

"किनाऱ्याच्या भिंतीला निधी देणारी परदेशातली समिती. रकाना रिकामा असेल तर आपल्या नोंदी धरणार नाहीत. मग त्यांच्या संगणकाचा अंदाज धरतील. त्यात आपला समुद्र निम्माच चढलाय."

"म्हणजे भिंतही निम्मीच बांधायची!" वडील हसले. "धूर त्यांचा, पाणी आपल्या दारात, आणि गृहपाठ तपासणार तेच."

"साहेब म्हणतात, सरासरी भरून टाक. आज बाराच्या आत पाठवायचंय."

वडिलांचं हसू मावळलं.

"आणि शेरे कुठे गेले?"

"कसले शेरे?"

ते धक्क्यावरच्या खोलीत गेले आणि फळीवरून एक जुनी वही काढून त्यांनी तिच्यापुढे उघडली. कक्षाने संगणकात फक्त आकडे उतरवले होते. शेवटचा रकाना कुणी पाहिलाच नव्हता. तिथे वादळाच्या त्या चारही दिवशी वेळ आणि सहीसकट एकच ओळ होती: 'पट्टी पूर्ण पाण्याखाली. निरीक्षक हजर.'

तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं.

"एवढ्या वादळात तुम्ही गेलात?"

"कमरेला दोर बांधून. दुसरं टोक तुझ्या आईच्या हातात. वरून ओरडत होती, समुद्र मोजताय की माझा अंत पाहताय!"

"अंदाजाने लिहिता आलं असतं."

"दिसलं तेवढं लिहायचं. पट्टी संपली, तर संपली म्हणून लिहायचं."

साडेदहाला ती वही संचालकांच्या टेबलावर होती.

"अगं, चार आकडे! चहा निवायच्या आत होतील," ते म्हणाले. "सगळ्याच नोंदी फेटाळल्या तर किनाऱ्यावरच्या लोकांना काय सांगशील?"

"साहेब, सगळ्यांत जास्त पाणी त्याच चार दिवसांत होतं. सरासरी टाकली तर आपणच आपल्या हाताने समुद्र खाली उतरवू."

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते पान सावकाश वाचलं.

"परत पाठवतील."

"पाठवू देत. आपण हेच पुन्हा पाठवू."

 संचालकांनी वही तिच्याकडे सरकवली.

"पानाची रंगीत प्रत जोड. सह्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत."

जागेवर येऊन तिने तक्त्यात आधीच भरून ठेवलेले सरासरीचे चार आकडे एकेक करून पुसले. पानाची प्रत जोडली. 'संगणकीय अंदाज मान्य' या ओळीपुढची खूण काढली. माहितीचा स्रोत विचारला होता, तिथे तिने लिहिलं: बंदर निरीक्षक, एकतीस वर्षांची प्रत्यक्ष नोंद.

बाराला दहा मिनिटं कमी असताना तिने देशाच्या वतीने तो तक्ता पाठवून दिला.