घोडीचं पथ्य

राणीसरकार म्हणजे घोडी. खाऊन खाऊन इतकी सुटली होती की खोगिराचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेना. मग मालकीणबाईंनी मनावर घेतलं. कुरणाच्या एका कोपऱ्यात तार ओढून तिला वेगळं कोंडलं. तिथलं गवत तिनं बघता बघता मुळापर्यंत खरवडलं.

बाईंच्या नवऱ्याला हे बघवेना. तो तारेवरून गुपचूप गवताची पेंढी टाकायचा. गेल्या आठवड्यात रंगेहाथ सापडला.

"अहो, तुमच्या लाडानं मरेल ती!" बाईंनी असं फैलावर घेतलं की बिचाऱ्यानं कानाला खडा लावला.

मग वारा सुटला. त्या कोपऱ्यावर शेजाऱ्याचं मेपलचं झाड वाकलेलं. त्याच्या पंखवाल्या बिया भिरभिरत आत पडल्या. पाचोळ्याकडे कोण बघतं?

आज सकाळी घोडी अडखळली, थरथरली आणि बसली ती बसलीच. लघवी कॉफीसारखी काळी. डॉक्टरबाईंनी सलाइन लावलं आणि मातीतली एक बी उचलली.

"या बियांचं विष. स्नायू आतून नासतात."

"मग आधी इथून बाहेर काढू हिला," बाई म्हणाल्या.

"मुळीच नाही. एक पाऊल चालवलंत तर उरलेले स्नायूही जातील."

"जगेल ना?"

"यातून बरीच जनावरं वाचत नाहीत." डॉक्टरबाईंनी उघड्या मातीवर नजर फिरवली. "चारा नव्हता का हिला? पोट भरलेलं असलं तर सहसा बियांना तोंड लावत नाहीत."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याकडे बघायची छाती होईना.

"मीच बंद केला," नवरा म्हणाला. "फार जाड झाली होती."

त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता बाईंना रडायचीही सोय उरली नाही. त्यांनी पक्कड घेतली आणि सगळी तार कापून काढली. समोर अख्खं हिरवं कुरण मोकळं झालं. घोडी जागची हलली नाही.

नवरा पेंढी घेऊन आला आणि बाईंपुढे घुटमळला.

"घाला हो," त्या म्हणाल्या. "पोटभर घाला."

राणीसरकारनं पडल्यापडल्याच घास घेतला, अधाशासारखा चावला. बाईंना हायसं वाटलं. मग चावणं मंदावलं, थांबलं. गवत तोंडातच राहिलं. नवऱ्यानं दुसरी मूठ पुढे धरलेलीच होती.