अन्सेल्मोचा डावा हात

अन्सेल्मोने डावा हात मनगटापर्यंत बर्फाच्या बादलीत बुडवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. दुखत काहीच नव्हतं. पण कपडे बदलायच्या त्या खोलीत पंधरा-वीस जण होते, आणि सरावानंतर त्याचं ते तोंड बघायची त्यांना सवय होती.

"आज कसा काय टाकत होता?" कुणीतरी टॉवेल गुंडाळत विचारलं.

"हाडं मोजतोय. एखादं कमी भरेल."

सगळे हसले. दोन वर्षं तोच विनोद चालला होता. समोरच्या बाकावर बसलेला रोडनी मोन्तास सगळ्यांत मोठ्याने हसला. चेंडू टाकणारा तोच.

चौतिशीचा अन्सेल्मो ब्रितो अलाबामातल्या या खालच्या बेसबॉल लीगच्या संघात कॅचर, टाकलेला चेंडू झेलणारा, होता, म्हणजे कागदोपत्री होता. सामन्यात त्याला कुणी उतरवत नसे. गुडघे कामातून गेले होते आणि बॅटशी त्याचं वाकडं होतं. तरी त्याला घरी धाडलेलं नव्हतं, कारण रोडनीला सराव करायचा तर त्याच्याकडेच. दोघे समुद्रापलीकडच्या बानी गावचे, एकाच गल्लीतले. रोडनी आहे तोवर अन्सेल्मो आहे, हे कुणी तोंडाने बोललं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं.

रोडनीचा चेंडू जड. वेग यंत्राला कळतो, जडपणा कळत नाही. तो झेलणाऱ्याच्या तळहातालाच कळतो. दोन वर्षं दर सरावानंतर अन्सेल्मोचा अंगठा वांग्यासारखा सुजायचा. तीन आठवड्यांपूर्वी सूज यायची थांबली. यंत्रावर अजून सत्त्याण्णव मैल दिसत होते, पण चेंडू हातात हलका पडत होता, आणि सराव संपला की रोडनी शर्टाची बटणं डाव्या हाताने लावू लागला होता. अन्सेल्मोने त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल, याचीच भीती. हात मात्र तो रोज न चुकता बादलीत घालत राहिला.

"तूही लाव की थोडा कोपराला," एकदा तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला होता.

"बर्फ रममध्ये घालायचा असतो, म्हातारबा. अंगाला लावतात तो माशांच्या."

आज दुपारपासून पोरं येता-जाता रोडनीला मिठ्या मारत होती. खेळाडू दुसऱ्या संघाला दिला की घोषणेच्या आधीच मिठ्या सुरू होतात. यांनी नुसत्या कुणकुणीवर सुरुवात केली होती. अदलाबदलीची मुदत पाचला संपत होती आणि मोठ्या लीगच्या एका संघाने रोडनीला मागितलं होतं.

खोली जरा रिकामी झाली तसा तो बादलीशी येऊन उकिडवा बसला.

"दादा, प्रुइटसाहेब आलाय. तुलाच विचारणार आहे म्हणे."

"विचारू दे."

"ते लोक मला सप्टेंबरात थेट वर खेळवणार. वर, दादा! आई टीव्हीवर बघेल. तू एवढंच सांग, पोरात दम नाही, देऊन टाका. खुशाल नावं ठेव मला. वहिनी तुला ठेवते तशी."

"आणि मग माझं..." अन्सेल्मो म्हणाला आणि थांबला.

रोडनीने बादलीतला एक खडा उचलून तोंडात टाकला. चघळत राहिला.

"तुला काय, कुणीही घेईल," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात प्रुइट दारात आला. संघाच्या मालकांचा माणूस. कोणाला ठेवायचं, कोणाला द्यायचं ते त्याच्या शब्दावर ठरे. रोडनी बाहेर गेला. प्रुइटने दार लोटून घेतलं.

"पंचवीस मिनिटं आहेत माझ्याकडे. यंत्र म्हणतं उत्तम, डॉक्टर म्हणतो उत्तम. मी जुन्या वळणाचा माणूस. तुझा हात काय म्हणतो? चेंडू पहिल्यासारखा जड असेल तर मी पोरगा सोडत नाही. नसेल तर आजच देतो. उद्या कोण विचारणार त्याला?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. हलका झालाय म्हणावं, तर पोरगा वर जाईल, आईला टीव्हीवर दिसेल, आणि महिन्याभरात ते कोपर भर मैदानात तुटेल. अन्सेल्मो तोवर बानीत आंब्याच्या पेट्या उचलत असेल. जड आहे म्हणावं, तर दोघेही इथेच, आणि कोपर इथे तुटेल. तिसरीही वाट होती. ‘त्याचं कोपर तपासून घ्या.’ चार शब्द. मग शस्त्रक्रिया, वर्षभर घरी, पण हात वाचेल. वर्षभर चेंडू न टाकणाऱ्याला कॅचर कशाला लागतो? अन्सेल्मोला स्वतःची किळस आली. असल्या वेळी आपण आपलाच हिशेब मांडतोय!

सांगून टाकायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि उठता उठता हात बादलीतून बाहेर काढला. वीस मिनिटांच्या बर्फाने हात लालभडक झाला होता.

"बाप रे!" प्रुइट म्हणाला. "अजून एवढा जड?"

हाताचं पाणी टपटपत होतं.

"बघताच आहात, साहेब," अन्सेल्मो म्हणाला.

प्रुइटने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या मोसमाची काळजी करू नकोस." आणि फोन कानाला लावत निघून गेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी पोरं आत आली. रोडनी मधोमध होता. "माझी मिठी परत कर, लेका!" कुणीतरी ओरडलं, आणि रोडनीने त्याला खरोखरच उचलून परत केली. हशा पिकला. मग सगळे फलंदाजीच्या सरावाला मैदानावर गेले. रोडनी मागे राहिला.

"काय सांगितलंस?"

"काही नाही. हात दाखवला."

रोडनीने त्याचा डावा हात ओढून घेतला. लाली केव्हाच उतरली होती. त्याने अंगठ्याच्या बुडाशी दाबलं, जोरात. पूर्वी नुसतं बोट लागलं तरी अन्सेल्मो आईवरून शिव्या द्यायचा.

"तीन आठवडे झाले ना?" रोडनी म्हणाला.

अन्सेल्मोने मान डोलावली. "कुणाला बोललो नाही मी."

"मीही नाही."

मग त्याने डाव्या हाताने उजवी बाही वर सारली. कोपर आतल्या बाजूने सुजलं होतं. ते त्याने हळूच बादलीत सोडलं आणि डोळे मिटले.

"सरक जरा," तो म्हणाला.

बाहेर पावलं वाजली. अन्सेल्मोने झटकन टॉवेल ओढून रोडनीच्या हातावर टाकला, स्वतःचा हात त्याच्याशेजारी पाण्यात खुपसला, आणि दार उघडताच तोंड वेडंवाकडं केलं.

"काय रे, अजून?" दारातून आवाज आला.

"हाडं मोजतोय," अन्सेल्मो म्हणाला.