हिरवं पाणी

स्टिपेला कुणी चार शब्द सांगितलेले चालत नसत. उभा जन्म ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडीच्या मातीत ओपलचे खडे खणून त्याचा पक्का समज झाला होता की जगातल्या कुठल्याही यंत्राला दोन हात आणि एक पाना पुरतो. म्हणून लेकीच्या गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला, तेव्हा परवानावाल्या मेकॅनिककडे जायचं सोडून हा गडी स्वतःच बॉनेट उघडून बसला.

काम मात्र त्याने मन लावून केलं. पाइपांत चमकणारा रंग सोडला आणि ढिगाऱ्यातला ओपल हुडकायचा आपला निळा दिवा घेऊन एकेक सांधा तपासला. गॅस जिथून गळतो तिथे रंग हिरवा उजळतो. कुठेच उजळला नाही. जुनी गाडी आहे, हळूहळू उडाला असेल, असं ठरवून त्याने त्यात बार्बेक्यूच्या शेगडीच्या सिलिंडरातला गॅस भरला. त्याच्या ओळखीचे दोघे-तिघे असंच करायचे आणि वर शेखी मिरवायचे. हवा अशी गार आली की नात टिली म्हणाली, "आजोबा, माझ्या गुडघ्यांना थंडी वाजतेय."

शनिवारी सकाळी लेक मिरेला टिलीला घेऊन ॲडलेडला परत निघाली. निघण्याआधी तिने गाडी शेडच्या तोंडाशी चालू ठेवून गार करून घेतली. शेड म्हणजे टेकडीत खोदलेली गुहाच. त्या दोघी गेल्या आणि अर्ध्या तासाने शेजारचा नेव्ह शिडी मागायला आला.

"काय रे, शेवाळं पाळलंयस का?" तो जमिनीकडे बघत म्हणाला.

गाडी उभी होती तिथे एसीचं पाणी ठिबकून छोटं थारोळं झालं होतं, पिवळट हिरवं. स्टिपेने निळा दिवा लावला. थारोळं लख्ख उजळलं.

रंग एसीच्या पाण्यातून आला होता. म्हणजे गळती बॉनेटखाली नव्हतीच. ती डॅशबोर्डच्या मागे होती, जिथून गार हवा आत येते तिथे. काचा बंद करून निघालेल्या लेकीच्या आणि नातीच्या तोंडावर तो पेट घेणारा गॅस येत होता, आणि तो त्यानेच भरला होता.

"वास येईल की तिला," नेव्ह म्हणाला. "काचा खाली करेल."

"वास येत नाही तिला. कोविड झाल्यापासून टोस्ट जळला तरी कळत नाही."

"पण सिगारेट सोडली ना तिने?"

"मला तसं सांगते."

टिलीसमोर मिरेला कधी ओढत नसे. पोरगी झोपली की गाडी थांबवायची, एसी तिच्यासाठी चालूच ठेवायचा आणि दार उघडून तिथेच एक ओढून घ्यायची. स्टिपेला हे ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग तो इतकी वर्षं करत आला होता.

फोन लागला नाही. त्या रस्त्यावर तो लागतच नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर आणि पोलिसांना कळवायचं काम नेव्हवर टाकून त्याने पिकअप काढली.

उन्हाने रस्ता हलत होता. लांबवर धुळीची वावटळ उठली की त्याला धूर वाटे. जवळ जावं तर धूळच असे, पण तोवर पुढे दुसरी उठलेली असे. "झोपू नकोस गं टिली," तो मोठ्याने बडबडत होता. "आज नको झोपूस."

रस्त्याकडेच्या थांब्यावर लेकीची पांढरी गाडी दिसली. इंजिन चालू, मागच्या सीटवर टिलीची मान कलंडलेली. मिरेला उघड्या दाराशी उभी होती, ओठांत सिगारेट. वारा लायटर पेटू देत नव्हता, म्हणून ती आडोशासाठी गाडीत वाकत होती.

स्टिपेने हॉर्न दाबून धरला. तिने मान वळवली, पिकअप ओळखली, आणि चोरी पकडल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे घेऊन त्याच्याकडे चालत आली. पस्तिशीची बाई, अजून बापाला भीत होती, म्हणून वाचली.

"बाबा, एकच ओढणार होते."

"लायटर फेक. लांब फेक."

ठिणगी उडायला नको म्हणून किल्लीला हात न लावता त्याने मागचं दार उघडलं, झोपलेल्या टिलीला पट्ट्यातून सोडवलं आणि तिला कवटाळून दगडांतून धावत सुटला. मिरेला त्याच्यामागे धावली. पिकअपच्याही पलीकडे गेल्यावर तो थांबला आणि धापा टाकत त्याने सगळं सांगून टाकलं.

"बार्बेक्यूचा गॅस," ती म्हणाली. "आणि मला बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तू मेकॅनिककडे नेली असतीस."

ती गाडीकडे बघत राहिली. गाडी अजून चालूच होती. आता ही ओरडेल, याची त्याने तयारी ठेवली होती. आवाज तिने त्याचाच घेतला होता. पण ती ओरडली नाही.

"बाबा, तिला माझ्याकडे दे."

"असू दे की. झोपलीय."

"दे म्हटलं ना."

त्या आवाजात राग असता तर त्याने तो मुकाट गिळला असता. पण ती घाबरली होती, आणि आता तिची नजर गाडीकडे नव्हती, त्याच्यावर होती. त्याने टिलीला सोडलं. मिरेलाने पोरीला छातीशी धरलं आणि त्याच्यापासून लांब, भर उन्हात जाऊन उभी राहिली.