ताकाचं गाडगं आणि जानरावची परीक्षा

देऊळगाव राजाच्या जिनिंगमध्ये जानराव ट्रक चालवायचा. कापसाच्या गाठी भरल्या की निघाला थेट मुंबईला. घर दिसायचं ते महिन्यातून एक-दोनदा. एकदा असाच तो दारात येऊन उभा राहिला, तर त्याची तीन वर्षांची लेक आत पळाली आणि आईला म्हणाली, "माय वं, कोनी मानूस आला!"

त्याची बायको पंचफुला खूप हसली. जानरावच्या घशाखाली मात्र त्या दिवशी भाकर उतरेना.

त्याच सुमारास बुलढाण्याच्या हिंमतरावांनी मोटार शिकवायची शाळा काढली. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, जीपगाड्या आणि मोटारी वाढत होत्या, पण चालवणारे कमी पडत होते. हिंमतरावांनी जानरावला बोलावून घेतलं.

"गाडीवर तुया हात बसेल हाय. माया शाळेत ये. पन शिकवनाऱ्याचा सरकारी परवाना लागते. मोटार इन्स्पेक्टर कॅम्पले येतीन तवा तुयी परीक्षा घेतीन. तवरोक कोनाले तरी शिकवून पाह्य."

त्यांनी सरावाला शाळेची गाडी दिली. जुनीच अँबॅसिडर, पण शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले. जानरावने पहिला शिष्य धरला तो कापडवाला शालिग्राम. बाजाराच्या मोकळ्या मैदानावर दोन चकरा झाल्या. त्या दोन चकरांत जानराव इतका ओरडला की कडुलिंबावरचे कावळे उडाले, आणि स्टेअरिंग तर त्याने शालिग्रामच्या हातात म्हणून राहू दिलं नाही. तिसऱ्या चकरेला शालिग्राम खाली उतरला, टोपी झटकली आणि पायी घरी गेला.

"त्याले काहीच समजत नाही," जानराव घरी येऊन म्हणाला.

"मंग मले शिकवा," पंचफुला म्हणाली.

"तुले? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले काही तरी म्हनाले पाह्यजेच नं. चला."

दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती स्टेअरिंगवर बसली. क्लच सोडला, गाडीने बेडकासारखी उडी मारली, आणि जानरावने ओरडत स्टेअरिंग हिसकलं. पंचफुलाने किल्ली काढून मुठीत धरली आणि ती सरळ लिंबाखाली जाऊन बसली.

"काऊन उतरली?"

"तुमीच चालवून राह्यले तं म्या कायले बसू? पोरगी चालाले शिकली तवा म्या तिले कडेवर घेऊन पळत होती का? बोट धरलं, अन् मंग सोडलं."

 

तिसऱ्या दिवशी पंचफुलाने घरून काठोकाठ भरलेलं ताकाचं गाडगं आणलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "दोन्ही हातानं धरा. सांडलं तं संध्याकाळी कढी नाही."

आता हात अडकलेले. ओरडावं तर अंग हलतं आणि ताक धोतरावर येतं. उरली ती जीभ, तीही हळू चालवायची. पहिल्या दिवशी निम्मं गाडगं रिकामं झालं आणि घरी कोरडी भाकर खावी लागली. पण जानराव शब्द शोधायला लागला. आजवर पाय आपोआप चालायचे; ते नेमके काय करतात हे त्याने कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"डावा पाय एकदम नोको काढू. झोपेल लेकराखालून हात काढतो नं आपन, तसा काढ."

गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. पंचफुला इतकी हरखली की तिने उगाचच भोंगा वाजवला. आणि मैदान ओलांडणाऱ्या दोन म्हशी दचकून उधळल्या. तरी जानराव बसल्या जागी शांतच. "हरकत नाही. ब्रेकवर पाय ठेव," एवढंच म्हणाला.

बुलढाण्याचा कॅम्प लागला. इन्स्पेक्टरसाहेब उंच, गंभीर, मिशाळ. त्यांनी हाताचे इशारे विचारले, रस्त्याचे नियम विचारले. जानरावने नीट सांगितले. मग साहेब स्वतः स्टेअरिंगवर बसले. "समजा, मला काहीच येत नाही. शिकवा."

आणि त्यांनी खरोखरच काही येत नसल्यासारखी गाडी हाणली. धक्के दिले, गिअर खरखरवला आणि मुद्दामच समोरून येणाऱ्या बैलगाडीच्या अंगावर घातली.  पण जानरावचे हात मांडीवरून उठले नाहीत. त्याने आपल्या बाजूचा ब्रेक अलगद दाबला आणि मऊ आवाजात म्हणाला, "घाबरू नोको वं. म्या हावो नं."

गाडी थांबली. बैलगाडी बाजूने निघून गेली. साहेबांनी सावकाश मान वळवली.

"'वं'? मी काय बाई आहे?"

जानराव ओशाळून म्हणाला, "साहेब, माफी करा. बायकोले शिकवून शिकवून सवय पडली जी."

"आणि हात असे का धरलेत? पोटाशी काही लपवलंय का?"

मग गाडग्याची सगळी हकिकत सांगणं आलंच. साहेबांची मिशी आधी थरथरली, मग खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते डोळे पुसत म्हणाले, "स्टेअरिंग न हिसकणारा मास्तर आज सकाळपासून पहिलाच भेटला. पास! आणि पुढच्या कॅम्पला बाईंनाही घेऊन या."

पंचफुलाने पुढच्या कॅम्पला खरंच लायसन काढलं. देऊळगाव राजात आठवडाभर दुसरी गोष्ट निघाली नाही. तोवर त्यांचं बिऱ्हाड बुलढाण्याला आलं होतं.

शाळेतल्या कामाच्या पहिल्या सकाळी जानराव इस्त्रीचा सदरा घालून गाडीजवळ उभा होता. शिकायला आल्या होत्या दवाखान्यातल्या नर्स मनकर्णाबाई. त्यांनी लांबूनच हाक दिली, "मास्तर, ओ मास्तर!"

जानरावच्या घराण्यात आजवर कोणालाच अशी हाक आली नव्हती. मास्तर कोण आलेत ते बघायला त्याने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"हाव, आलो आलो," तो म्हणाला आणि त्याने बाईंसाठी गाडीचं दार उघडलं.