धवला फोनमध्ये येईना

हर्षितच्या हळदीचा मुहूर्त चारचा होता आणि साडेतीन वाजले तरी नवापुरात धवला म्हणायला कोणी नव्हतं. चंद्रकांताकाकी आमच्या आळीची धवलारीण. चाळीस वर्षं लग्नाची गाणी तीच म्हणायची. गेल्या महिन्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाज बंद ठेवायला सांगितलं. धवल्याशिवाय हळद लावायची नाही, हे तिने पाटीवर लिहून कळवलं. खाली दोन रेघा मारल्या.

"आत्माराम भावजी, तुमच्या कंप्यूटरात हाय ना काकीचा आवाज?" हर्षितची आई, म्हणजे मंदावहिनी, दारातूनच ओरडली.

होता. माझ्या लग्नात भरलेला तो आवाज मी वीस वर्षं जपला होता, तीन ठिकाणी प्रती करून. ऐकला मात्र एकदाही नव्हता. जपण्यातच वेळ जायचा.

कंप्यूटरवर लिनक्स आहे. मित्र सुजित घालून गेला. म्हणाला, व्हायरस येणार नाहीत. आले नाहीत, हे खरं. स्पीकरमधून आवाजही येत नाही. मांडवातला साउंडवाला धर्मेश म्हणाला, "काका, फोनमध्ये टाकून आणा, मी जोडतो." माझ्या फोनला बटणं. म्हणून वहिनीचा घेतला, वायर लावली. फोन चार्ज होऊ लागला. बाकी काही नाही. वायर काढली, फुंकली, दुसऱ्या भोकात घातली. फोन आणखी चार्ज झाला.

"चार्जिंगच करायची तर आमच्याकडे पण वीज हाय," वहिनी म्हणाली.

मी कंप्यूटरकडे बघत होतो. माझ्या बायकोने, समिधाने, फोनकडे बघितलं. "तो कधीचा परवानगी मागतोय. लॉक उघडा आणि 'फाइल ट्रान्सफर' दाबा."

लॉक वहिनीच्या अंगठ्याने उघडायचं. अंगठा सकाळपासून हळद कालवत होता. फोनने ओळख दाखवली नाही. वहिनीने अंगठा धुतला, पदराला पुसला, चाटलासुद्धा. पावणेचार.

"मग आकडा टाका," समिधा म्हणाली.

"तो हर्षितला ठाव!"

हर्षित पाटावर बसलेला, आणि पाटावरून उठायचं नाही. त्याने आकडा बसल्या जागेवरून ओरडून सांगितला. आता आळीत सगळ्यांना पाठ आहे.

चारला पाच कमी असताना शेवटचं गाणं फोनमध्ये उतरलं. मी मांडवात धावलो. धर्मेशने फोन जोडला, काकीने डोळे मिटले, आणि तिचा वीस वर्षांपूर्वीचा आवाज मांडवभर घुमला. देव बोलावले, पूर्वज बोलावले. वहिनीने हळदीचा हात हर्षितच्या गालाशी नेला.

"हळद चढते गो, आत्माराम नवऱ्याला…"

हात तिथेच थांबला. धवल्यात ज्याचं नाव, त्याची हळद. सगळा मांडव माझ्याकडे वळला.

"याचं दुसरं लगीन हाय का काय?" मागून एका म्हातारीने चौकशी केली.

"वीस वर्षं जपलंत," समिधा म्हणाली, "एकदा ऐकायचं तरी!"

चार वाजत आले. वहिनी रडायच्या बेतात. काकीने डोळे उघडले, बोटाने सांगितलं, पुन्हा लाव. ओळ आली. नाव येण्याच्या नेमक्या क्षणी तिने पाटी दाणकन पाटावर आपटली आणि मांडवाकडे हात फेकला.

"हर्षित!" मांडव ओरडला. माझं नाव त्याखाली बुडालं. वहिनीने गाल माखला.

पुढे अकरा वेळा तसंच झालं. बाराव्या वेळी काकी पाणी प्यायला वळली, आणि 'आत्माराम' तीन आळ्यांपलीकडे स्पष्ट ऐकू गेलं.

समिधा उठली. ताटातली बोटभर हळद तिने माझ्या गालाला लावली.

"राहायला नको," ती म्हणाली.