उजवीकडचं झाड

चेंडू डोक्यावरून जाऊन मागच्या कुंपणाला थडकला, तेव्हा धाकटीच्या तोंडात शेंगदाणे होते.

"अहो धाकटीबाई, चेंडू!"

कप्तान म्हणजे गल्लीतला न्हावी. त्याचा आवाज मैदानभर गेला. धाकटीनं घास कसाबसा गिळला, ग्लोव्ह काखेत मारला आणि धावत सुटली. तिनं फेकलेला चेंडू अर्ध्या वाटेत बसला. तोवर पोस्टमन सगळे बेस फिरून, तोंड पुसून पाणी मागत होता.

केस पिकले तरी गल्लीला ती धाकटीच होती. दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान. ताई कापड बेतायची, ही शिवायची. दर रविवारी गल्लीतले दुकानदार पोस्टातल्या माणसांविरुद्ध सॉफ्टबॉल खेळत. संघ जमला तेव्हा ताईनं सांगितलं होतं, "धाकटीला घेत असाल तर मी येते." चेंडू टाकायला, पिचर म्हणून, दुसरं कुणी नव्हतंच. गव्हाबरोबर खडे यावेत तशी धाकटीही आली आणि मैदानाच्या उजव्या टोकाला झाडाखाली उभी राहिली.

तिथं आजवर कधी चेंडू आला नव्हता. कितीतरी रविवार तिनं पाखरांची घरटी बघण्यात, ढग बघण्यात, सोमवारच्या शर्टाची कॉलर मनात पुरी करण्यात घालवले. "चेंडू माझ्या वाटेला जात नाही, मी त्याच्या जात नाही," असं ती हसून सांगायची. आपलं नशीबच तसं, असं तिला वाटे.

ताई मात्र शिव्या खायची. तिचा चेंडू नेहमी समोरच्याच्या अंगावर, आणि अंगाला लागला की त्याला बेस फुकट.

"ताई, जरा बाहेरून टाका की! फुकटचे बेस वाटताय!"

"माझा हातच तसा वळतो," ताई म्हणायची, आणि पुढचा चेंडू पुन्हा बरगडीजवळ. अंगालगतचा चेंडू लोक डावीकडेच हाणत, आणि तिकडे कप्तान धावून धावून वाळत चालला होता.

यंदा ताईचा खांदा आखडला. आज पहिल्यांदाच ती मैदानाच्या उजव्या कडेच्या बाकावर बसली होती, आणि चेंडू बेकरीवाल्याची सून टाकत होती. सुरेख टाकत होती, ऐटीत, बाहेरच्या अंगानं.

दुसरा चेंडू आला. धाकटीनं डोळे मिटून ग्लोव्ह पुढे केला. चेंडू दंडावर आपटून गवतात गेला. दंड चोळताना तिची नजर बाकाकडे गेली. सूनबाईनं पुढचा चेंडू सोडला, आणि मांडीवर पडलेला ताईचा दुखरा हात मनगटातून हळूच आत वळला. धाकटीला वाटलं, कळ आली असेल. त्यापुढच्या चेंडूला तो पुन्हा वळला. तसाच, आत.

डाव संपला. बॅट खांद्यावर टाकून पोस्टमन बाकाजवळून गेला.

"ताई, तुम्ही होता तेव्हा बरगड्या शेकून निघायच्या बघा! मैदानाला उजवी बाजू असते हे मला आज कळलं."

सगळे हसले. धाकटी ताईशेजारी टेकली. ताई संत्रं सोलत होती.

"ताई, तुझा हात खरंच तसा वळायचा?"

"हाताचं काय सांगावं."

"कापड बेतताना तर कधी वळला नाही."

ताईनं फोडीवरची शीर काढली, मग उरलेली बारीक शीरही काढली.

"खा. आंबट नाहीये."

धाकटीनं फोड तोंडात टाकली. आंबट होती. शाळेच्या वाटेवर कुत्रं दिसलं की ताई न बोलता बाजू बदलून कुत्र्याकडच्या अंगाला चालायची, हे तिला उगाच आठवलं.

इतक्यात कप्तान मान खाजवत आला.

"धाकटीबाई, राग मानू नका. पुढच्या रविवारपासून तुम्ही इथं बसून गुण मोजा. उन्हाचा त्रास कशाला?"

"बरोबर आहे," ताई लगेच म्हणाली. "बस माझ्याजवळ. आपण दोघी गप्पा मारू."

पुन्हा आपल्या संघानं मैदानात उतरायची वेळ आली, तशी धाकटी उठली. खिशातली शेंगदाण्यांची पुडी तिनं ताईच्या मांडीवर ठेवली.

"हे धर. खेळताना खाऊ नये म्हणतात."

"अगं, ऊन बघ केवढं आहे. झाडाखाली तरी—"

ती झाडाखाली थांबली नाही. सावली ओलांडून पुढे आली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. इतरांना तसं वाकताना तिनं पाहिलं होतं. गुडघे कुरकुरले.

पोस्टमननं उजवीकडेच हाणला. चेंडू उंच गेला, उन्हात दिसेनासा झाला, मग एकदम मोठा होऊन खाली आला. ग्लोव्हमध्ये बसला, उसळला, छातीवर आदळला आणि पायाशी पडला. धाकटीनं उचलून फेकला. दोन टप्पे घेत का होईना, या खेपेला तो पोचला. पोस्टमन मात्र कधीच बेसवर जाऊन हसत उभा होता.

कप्तानानं कपाळाला हात लावला.

"सूनबाई!" धाकटी ओरडली. इतक्या वर्षांत मैदानावर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. "तशीच टाक गं! बाहेरूनच!"

सूनबाईनं बाकाकडे पाहिलं. ताईनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, मांडीखाली सरकवला, आणि त्याच्यावर नीट बसली.